‘इंजेक्शन देऊन डॉक्टर गायब’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. फिलिंगसाठी आलात, ‘खालच्या दाढेला इंजेक्शन देऊन डॉक्टर १५ मिनिटं गायब झाल्या’, छातीत धडधडत होतं, आणि मग बधिर तोंडाने रूट कॅनालला हो म्हणावं लागलं, असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

पण ‘गायब’ हा शब्द फार लागला. वरच्या जबड्याचं हाड विरळ असतं, मुळाशी औषध सोडलं की दोन-चार मिनिटांत मुरतं. खालच्या दाढांपाशी हाड जाड. तिथे औषध मुरत नाही, म्हणून पार मागे, जबड्यात नस शिरते तिथे ते सोडावं लागतं. ओठ जड व्हायलाच ५ ते १० मिनिटं जातात, आणि ओठ जड झाला म्हणजे दाढ बधिर झाली असंही नाही. दाढ ठणकत असेल तर औषध आणखी सावकाश चढतं. ती १५ मिनिटं तुमच्याच दाढेसाठी होती हो! घाई केली असती तर ड्रिल लागताच तुम्ही कळवळला असता.

तेवढ्यात मी पडद्यापलीकडच्या खुर्चीवर टाके काढत होते. आमची सहायक तुमच्यापाशीच उभी होती, कारण इंजेक्शननंतर पेशंटला एकटं सोडायचं नाही हा आमच्याकडे पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे. मी दोनदा येऊन ‘ओठ जड झाला का?’ विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही फोनवर होतात आणि हातानेच ‘थांबा’ म्हणालात. हे इथे लिहिताना बरं वाटत नाही, पण तुमचं वाचून नवे पेशंट फोन करायचेच थांबतील, याची धास्ती वाटते.

धडधडीचं मात्र मी आधी सांगायला हवं होतं. त्या औषधात थोडं अ‍ॅड्रेनालिन असतं, त्याने काही मिनिटं तसं होऊ शकतं. तुम्ही घाबरलात आणि मी गप्प राहिले, हे चुकलंच.

रूट कॅनालबद्दल. तुमचा केसपेपर इथे उघडणार नाही, सर्वसाधारण सांगते. एक्स-रे हे सपाट चित्र आहे, कीड प्रत्यक्षात बहुतेकदा त्याहून खोल निघते. साफ करताना नस उघडी पडली आणि रक्त थांबेना, तर वरून फिलिंग दाबून बसवणं म्हणजे चार दिवसांत रात्रभराचं ठणकणं. पण ही शक्यता तुम्हाला नीट बोलता येत होतं तेव्हाच, एक्स-रे समोर धरून सांगायची होती. रबर डॅम, म्हणजे दाढेभोवती ताणून बसवलेला रबरी पडदा, काढून आरसा दाखवला, तुम्ही मान हलवलीत, मी तो होकार धरला. तो पुरेसा नव्हता. यापुढे आधीच बोलून घेऊ, वेळेचंही बघतो आहोत.

एक विनंती. रूट कॅनाल झालेली दाढ बरीच पोखरलेली असते, कॅपशिवाय चावताना तिचा तुकडा पडू शकतो. माझ्याकडे यायचं नसेल तर दुसरीकडे बसवा, पण लांबवू नका. एक्स-रे आणि कागद काढून काउंटरवर ठेवलेत, कोणालाही पाठवलंत तरी देऊ.