एंटर दाबला की पुढं गेलं पाहिजे

डेटाबेसचं ॲप्लिकेशन कशात बनवावं हा प्रश्न चार प्रोग्रॅमरांच्यात कधी काढू नका, जेवणाच्या पंगतीत तर अजिबात नको, आमटी गार होते. मला काढावा लागला, कारण एका पतसंस्थेचं जुनं काम फॉक्सप्रो नावाच्या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमात होतं, तेही विंडोजच्या आधीच्या डॉसवालं, ते ज्या मशीनवर चालायचं ती मशीन गेली आणि नवीन आणली तिच्यात ६४ बिटचं विंडोज, ते १६ बिटच्या प्रोग्रॅमला दारातसुद्धा उभं करत नाही.

डेल्फीवाला लगेच सुरू झाला. १९९५ साली बोरलँड कंपनीनं प्रोग्रॅम बनवायचं हे जे साधन दिलं त्याच्या पुढं कोणी गेलंच नाही, बटन टाक, टेबल जोड, कंपाइल कर, तयार ईएक्सई फाइल उचल आणि चाल. खरंय त्याचं. पण डेल्फी ज्यांनी घडवलं ते अँडर्स हेल्सबर्ग पुढं मायक्रोसॉफ्टमधे गेले आणि त्यांनी सी शार्प ही भाषा केली, तेव्हापासून हा माणूस सी शार्पवाल्यांशी मुलीच्या बापासारखा बोलतो.

व्हीबी सिक्सवाला शांत असतो. मायक्रोसॉफ्टचं १९९८ चं व्हिज्युअल बेसिक ते, त्यात 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' अशी एक ओळ लिहिता येते, म्हणजे एरर आली तरी बघायचं नाही, पुढच्या ओळीला लागायचं. निम्म्या महाराष्ट्राची बिलिंग सॉफ्टवेअरं ह्या एका ओळीवर चालली असं माझं मत आहे, पुरावा मागू नका. मायक्रोसॉफ्टच्याच ॲक्सेस ह्या डेटाबेस प्रोग्रॅममधे फॉर्म, रिपोर्ट, टेबलं सगळं एका फाइलीत, दुपारपर्यंत तयार. ती फाइल २ जीबीच्या वर जात नाही, पण तेवढी व्हायच्या आधीच कोणीतरी ती पेनड्राइव्हवर घरी नेतं, मग फाइली दोन आणि शिल्लकही दोन.

फॉक्सप्रोला नावं ठेवायचं माझ्या जिवावर येतं. 'ब्राउज' टाइप केलं की अख्खं टेबल समोर, एवढं सोपं परत काही निघालं नाही. कॉलमचं नाव मात्र दहा अक्षरांच्या वर जायचं नाही, इंग्रजीत 'खातेदारनाव' लिहिलं की अकरा होतात, मग शेवटचं व्ही उडवायचं. मायक्रोसॉफ्टनं १९९२ मधे फॉक्स सॉफ्टवेअर घेतली, २००४ च्या व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ नंतर पुढची आवृत्ती काढलीच नाही, २०१५ च्या जानेवारीत सपोर्टपण बंद.

शेवटी नव्या पोरांचं ऐकून पायथन भाषेतलं जँगो, म्हणजे ब्राउझरमधे चालणारं ॲप्लिकेशन बनवायचं साधन, आणि मागं डेटा ठेवायला पोस्टग्रेस असं ठरलं. लाइट मधेच गेली तर व्यवहार एक तर पूर्ण व्हावा नाहीतर झालाच नाही असं असावं, ते पोस्टग्रेस सांभाळतं, फॉक्सप्रोच्या जुन्या डीबीएफ फाइलींमधे जमा पडायची आणि नावे राहायची, वर इंडेक्स बिघडला की रीइंडेक्स मारून बसा. जँगोत टेबलांचं वर्णन लिहिलं की ॲडमिनचे स्क्रीन आपोआप तयार होतात. चेअरमन साहेब खूश, रंग छान आहेत म्हणाले.

मग कॅशियर मॅडम बसल्या. खाते नंबर टाकला, एंटर दाबला. अर्धवट फॉर्म सेव्ह व्हायला गेला आणि सगळा लालेलाल. "सर, पुढच्या रकान्यात जात नाहीये." मॅडम, आता टॅब दाबायचा असतो. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, आणि तेव्हा मला दिसलं की त्यांचा उजवा हात नंबर पॅडवर असतो, एंटर तिथंच करंगळीखाली, आणि डाव्या हातात नोटा. टॅब आहे डाव्या बाजूला. म्हणजे नोटा खाली ठेवा, टॅब दाबा, नोटा उचला, किती मोजल्या होत्या ते विसरा. माउसचं तर मी काढलंच नाही. आमच्या एवढ्या चर्चेत डाव्या हातातल्या नोटांबद्दल एक जण बोलला नव्हता, फॉक्सप्रोत एंटरनं पुढं जाणं न सांगता व्हायचं. लिहिलं मग जावास्क्रिप्ट, एंटरनंच पुढं जाईल असं.

पासबुकाची तर वेगळीच कथा. डॉसमधून प्रिंटरला सरळ अक्षरं जायची, पाहिजे त्या ओळीवर पडायची. ब्राउझर अख्खं पान मांडून पाठवतो, आपल्या मनानं मार्जिन सोडतो, वर तारीख टाकतो आणि खाली वेबचा पत्ता, आमचा 'लोकलहोस्ट', म्हणजे तेच मशीन. एका आजोबांनी पासबुक परत आणून विचारलं, "हे लोकलहोस्ट कोण? वारस म्हणून मी मंडळींचं नाव दिलंय." मग पासबुकासाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम लिहिला जो प्रिंटरला थेट अक्षरं पाठवतो, म्हणजे पुन्हा जुनंच, फक्त आता पायथनमधे.

आता बरं चाललंय. परवा ऑडिटर आले, म्हणाले तुमचं सॉफ्टवेअर राहू दे, सगळं एक्सेलमधे द्या. दिली सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल, काढून. त्यांनी ती डबल क्लिक करून उघडली, एक्सेलनं खाते नंबरांच्या पुढची शून्यं खाल्ली, ०००४१२ चं ४१२ झालं, आणि अहवालात शेरा आलाय की नवीन संगणक प्रणालीत खाते क्रमांक अपूर्ण आहेत, खुलासा करावा.