शुगर असेल तर दात काढू नये म्हणे!

चतुर्थीपासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: "शुगरवाल्या ज्येष्ठांनी दात काढू नयेत, जखम भरत नाही. दात वयानं पडतातच. लवंग-मीठ लावा, पेज खा." पाठवणारे काका आमचेच, म्हणून जरा सविस्तर.

जखम भरत नाही? साखर बेफाम असेल तर रेंगाळते, हे खरं. म्हणूनच आधी रक्त तपासतात, नाश्ता-गोळ्या घेऊन सकाळी बोलावतात. आटोक्यात असली तर भरते. उलट सडका दात तसाच ठेवला तर त्याचा संसर्गच साखर चढवतो.

दात वयानं पडत नाहीत, बहुतेक हिरड्यांच्या आजारानं किंवा किडीनं पडतात. शुगर असेल तर हिरड्यांच्या आजाराचा धोका दुप्पट-तिप्पट. हिरड्यांची खोल सफाई केली की तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्के-अंकांनी उतरतं. आणि २०२३ च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहात देशात पहिला आपला गोवाच होता, २६.४ टक्के!

"पेज खा" वाचून मात्र डोकं फिरलं. माझी आई डिचोलीची, वय ७४. दाढा हलायला लागल्या तशी ताटातून आधी किसमूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर) गेली, मग आळसांद्याची (चवळीसारख्या कडधान्याची) उसळ, मग बांगडा. उरली उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याचा खार. पेजेत पिष्टच, प्रथिनं नावाला. तेवढ्यावर म्हातारपणी स्नायू झडतात, शुगर त्यात भर घालते. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले, बरणीचं झाकण उघडेना. आम्ही म्हटलं, वय झालं. डॉक्टर म्हणाले, घटलेलं वजन, सैल पकड, मंद चाल, थकवा, कमी हालचाल, यातली तीन दिसली की ती दुर्बलता. त्यात दात ठणकला की आई जेवण टाळायची, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र इमानेइतबारे घ्यायची. साखर उतरून एकदा न्हाणीत पडलीच.

लवंगेनं ठणका थोडा बधिर होतो, इतकंच. दातांवरचं किटण तिनं निघत नाही.

आईच्या तीन दाढा बांबोळीच्या सरकारी दंत इस्पितळात काढल्या, पंधरवड्यात हिरडी मिटली. आता कवळी आहे. रात्री काढून पाण्यात ठेवते, नाहीतर तिच्याखाली बुरशी धरते. बांगडा ताटात परत आलाय. काटे मी काढून देते, आणि तिरफळं कमी पडली हे ती दर वेळी सांगते.