नेकर नसलेला मोती हा मोतीच : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. शंख, मेलो (एक सागरी गोगलगाय) आणि महाशिंपला यांच्यात सापडणाऱ्या मोत्यांवरील माझ्या लेखाबाबत आपले दोन आक्षेप आहेत. ज्यावर नेकरचा, म्हणजे शिंपल्याच्या आत दिसणाऱ्या झळाळत्या द्रव्याचा, थर नाही तो केवळ चुन्याचा खडा असून त्याला मोती म्हणणे ही विक्रेत्यांची भाषा आहे, असे आपण म्हणता. शिवाय अशा लेखांमुळे हौस वाढते आणि त्यापायी प्राणी मारले जातात, असेही आपण लिहिले आहे. पहिला आक्षेप मला मान्य नाही. दुसरा बऱ्याच अंशी मान्य आहे.

मोती कशाला म्हणावे हे तो कसा दिसतो यावर ठरवायचे की तो कसा घडतो यावर, हा खरा प्रश्न आहे. शंख-शिंपल्यांसारख्या मृदुकाय प्राण्याचे कवच त्याच्या प्रावाराच्या, म्हणजे शरीरावरील त्वचेच्या घडीच्या, बाहेरील पेशी घडवतात. एखाद्या परजीवीमुळे किंवा इजेमुळे यांपैकी काही पेशी आतल्या ऊतींत ढकलल्या गेल्या, तर तेथे त्यांची एक बंद पिशवी तयार होते, आणि कवच घडवण्याचे आपले नेहमीचे काम त्या पेशी त्या पिशवीत सुरूच ठेवतात. (वाळूचा कण शिरला आणि मोती झाला, ही समजूत फार पसरलेली आहे, पण पिशवी घडवणाऱ्या पेशींशिवाय नुसत्या कणाचा मोती होत नाही.) म्हणून मोती त्या प्राण्याच्या कवचासारखाच निपजतो. कॅरिबियन समुद्रातील क्वीन कॉन्क या मोठ्या शंखाच्या ओठाची गुलाबी छटा त्याच्या मोत्यात उतरते, आणि अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील क्वाहॉग शिंपल्याच्या आत जो जांभळा डाग असतो तोच रंग त्याच्या मोत्यात दिसतो.

आपला निकष लावला तर एक अडचण उभी राहते, तिच्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. मोत्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कालवाच्या कवचातही फक्त आतला भाग नेकरचा असतो. बाहेरचा थर आणि कडा कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाच्या उभ्या स्तंभांच्या असतात. ते स्तंभ रचणाऱ्या पेशींपासून पिशवी बनली, तर त्याच कालवात तपकिरी, निस्तेज मोती तयार होतो. एकाच प्राण्याच्या पोटी, एकाच प्रक्रियेने जन्मलेल्या दोन वस्तूंपैकी एकीला मोती आणि दुसरीला खडा म्हणणे मला पटत नाही. उलट ॲबलोनी ही एक सागरी गोगलगायच. पण तिच्या कवचात निळ्या-हिरव्या झळाळीचे नेकर असल्यामुळे तिचा मोती आपल्या निकषावर विनासायास उतरतो.

‘चुन्याचा खडा’ या शब्दांनी शंखाच्या मोत्यावर तर अन्यायच होतो. नेकर आणि शंखमोती या दोहोंतील मुख्य खनिज एकच आहे : ॲरॅगोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे एक स्फटिकरूप. फरक आहे तो रचनेचा. नेकरमध्ये ॲरॅगोनाइटच्या अतिशय पातळ चकत्या विटांसारख्या एकावर एक बसलेल्या असतात आणि त्यांतून परतणाऱ्या प्रकाशामुळे रंगांची झाक उमटते. शंखमोत्यात त्याच खनिजाच्या बारीक पट्ट्यांचे थर एकमेकांना छेद देत रचलेले असतात. त्यांच्यावरून प्रकाश परतताना पृष्ठभागाखाली ज्वाळांसारख्या रेघा हलताना दिसतात. दक्षिण चीन समुद्राच्या परिसरातील मेलो या शिकारी गोगलगायीच्या नारिंगी मोत्यातही हा ज्वाळाभास आढळतो. याला सौंदर्य म्हणायचे की नाही, ही आवडीची बाब आहे. मला स्वतःला तो विलक्षण सुंदर वाटतो. महाशिंपल्याचे मोती मात्र बहुधा पांढरे आणि बेढब असतात, हे आपले म्हणणे खरे आहे. फिलिपिन्समधील पलावानजवळ 1934 मध्ये सापडलेला सुमारे 6.4 किलोचा प्रसिद्ध मोती पाहून कोणी हरखून जाईल असे नाही, पण त्याच्या जन्माची रीत तीच आहे.

आता दुसरा आक्षेप. क्वीन कॉन्क प्रामुख्याने मांसासाठी पकडला जातो आणि मोती सापडलाच तर तो मांस काढताना. दहा हजार शंखांत एखादा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. इतक्या बेभरवशाच्या लाभासाठी स्वतंत्र शिकार परवडत नाही. तरीही मांसाच्या मागणीनेच हा शंख अनेक ठिकाणी विरळ झाला असून 1992 पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, धोक्यातील वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे, हे खरेदीदाराला ठाऊक असायलाच हवे. महाशिंपल्याबाबत माझे मत अधिक कडक आहे : तो संथपणे वाढतो, प्रौढ झाल्यावर जागचा हलत नाही आणि त्याच्या कवचालाही कोरीवकामासाठी मागणी आहे; म्हणून त्याचे मोती संग्रहालयात पाहावेत, विकत घेऊ नयेत. शंखमोत्यांच्या संवर्धनाचे, म्हणजे प्राण्याकडून ते मुद्दाम घडवून घेण्याचे, तंत्र फ्लोरिडातील संशोधकांनी 2009 मध्ये जाहीर केले आणि त्यात शंख जिवंत राहतो, ही या विषयातील मला सर्वांत दिलासा देणारी घडामोड वाटते.

ग्राहकाच्या फसवणुकीची आपल्याला वाटणारी काळजी रास्त आहे, पण ती फसवणूक ‘मोती’ या शब्दात नसते. शंखाचा गुलाबी ओठ किंवा महाशिंपल्याचे जाड कवच कापून, घासून केलेले मणी मोती म्हणून विकले जातात, तेथे ती होते. अशा मण्यात कवचाचे थर आरपार, जवळजवळ समांतर गेलेले दिसू शकतात. मोत्यात वाढीचे थर केंद्राभोवती असतात. साध्या डोळ्यांना हे नेहमी कळत नाही, म्हणून रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी करून घ्यावी आणि प्रमाणपत्रावर प्राण्याचे नाव, ‘नैसर्गिक’ की ‘संवर्धित’ हा उल्लेख आणि नेकर नसल्याची नोंद, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात.