‘फुटबॉल नाजूक झाला’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब

फुटबॉलच्या ग्रुपांवर एक मजकूर सतत फिरत असतो. वर चिखलाने माखलेल्या खेळाडूचा काळा-पांढरा फोटो, खाली आजचा कोणीतरी नडगी धरून लोळतोय. सोबतचा दावा असा: जुने खेळाडू मोडक्या हाडांनीही खेळायचे, नियमांनी टॅकल (पाय घालून चेंडू हिसकावणं) संपवला, आताची पोरं काचेची, सारखी जखमी, उरलंसुरलं व्हीएआरने (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या रेफरीने) घालवलं. पण कॉर्नर (कोपऱ्यातून मारलेली किक) आणि लांब थ्रो (कडेवरून हातांनी आत टाकलेला चेंडू) परत आलेत, तेव्हा रेफरींनी शिट्टी जरा खिशात ठेवली की जुना ‘मर्दानी’ फुटबॉलही परत येईल.

यातला एकही मुद्दा पूर्ण खोटा नाही, म्हणूनच तो लोकांना पटतो. एकेक घेऊ.

‘जुने खेळाडू मोडक्या हाडांनी खेळायचे’

खेळायचे. ५ मे १९५६, वेम्बली, एफए कप या इंग्लंडच्या बाद-फेरी स्पर्धेचा अंतिम सामना. मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन बर्मिंगहॅमच्या पीटर मर्फीच्या पायाशी झेपावला आणि त्याच्या मानेचा मणका मोडला. शेवटची सुमारे सतरा मिनिटं तो तसाच खेळला. मान मोडल्याचं निदान नंतर एक्स-रेत झालं.

पण त्याच्या जागी उतरवणार कोणाला? बदली खेळाडूच नव्हता. इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडू आला १९६५–६६ च्या हंगामात, तोही एकच आणि फक्त दुखापतीसाठी. विश्वचषकात तो १९७० ला आला. त्याआधी जखमी माणसापुढे दोनच वाटा होत्या: संघाला दहा जणांवर सोडायचं, नाहीतर लंगडत उभं राहायचं. असा लंगडा गडी विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, नेऊन ठेवणं ही रूढ पद्धत होती, निदान प्रतिस्पर्ध्याचा एक माणूस तरी अडकतो. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालच्या मोराइसने पेलेला लागोपाठ दोनदा पाडलं, तेव्हा पेलेने उरलेला सामना तसाच खुरडत काढला. ब्राझील ३–१ ने हरून बाहेर. १९५९ च्या एफए कप अंतिम सामन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या रॉय ड्वाइटचा पायच मोडला; तो बाहेर गेला आणि फॉरेस्ट दहा जणांनी जिंकला. त्याला कोणी भित्रा म्हटलं नाही.

त्या काळाची किंमत नंतर मोजली गेली. इंग्लंडचा माजी खेळाडू जेफ ॲस्टल २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला. हेडिंगने, म्हणजे चेंडूला डोकं मारून, मेंदूला झालेली इजा हे कारण धरून मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने ‘व्यवसायजन्य आजार’ असा निष्कर्ष दिला. २०१९ मध्ये ग्लासगोच्या अभ्यासात ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंची सामान्य लोकांशी तुलना झाली: मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यूचं प्रमाण साडेतीन पट. हृदयविकाराने मात्र ते कमी मेले, म्हणजे शरीर धडधाकट होतंच.

‘नियमांनी टॅकल संपवला’

हा मुद्दा मांडणाऱ्या बहुतेकांनी फुटबॉलचा, फाउलांबद्दलचा नियम क्रमांक १२ वाचलेला नसतो. तो तीन पायऱ्यांचा आहे. निष्काळजी टॅकल: फक्त फ्री किक, कार्ड नाही. बेदरकार, म्हणजे समोरच्याला लागेल याची पर्वा न करता केलेला: पिवळं, म्हणजे ताकीद. अवाजवी जोराचा किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणणारा: लाल, म्हणजे मैदानाबाहेर. आडवं पडून टॅकल करायला कुठेही बंदी नाही. खांद्याला खांदा लावून रेटणंही चालतं, फक्त चेंडू खेळता येईल इतक्या अंतरावर हवा, हात अंगाशी हवा आणि जोर हिशेबात हवा.

लाल आणि पिवळ्यातला फरक रेफरी कशावरून ठरवतात, हे एकदा डोळ्यांनी टिपायला शिकलं की निम्मे वाद मिटतात. पाय गुडघ्यात वाकलेला आहे की ताठ? बुटाचा तळ जमिनीलगत आहे की स्टड (तळाचे खिळे) समोर रोखलेले? संपर्क पावलावर की घोट्याच्या वर? एक पाय जमिनीवर आहे की दोन्ही हवेत? दोन्ही पाय हवेत असले की खेळाडू स्वतःला थांबवूच शकत नाही, आणि ताठ पायाला मागे सरकायला जागा नसते, म्हणून सगळा भार समोरच्याच्या हाडावर जातो. चेंडूला आधी पाय लागला हा बचाव इथे चालत नाही. चांगला बचावपटू बाजूने येतो, एक पाय गुडघ्यात दुमडून त्यावर घसरतो आणि दुसऱ्या पायाने चेंडू काढतो. हा टॅकल १९७० मध्येही वैध होता, आजही आहे.

मग गेलं काय? २९ एप्रिल १९७०, ओल्ड ट्रॅफर्ड, चेल्सी विरुद्ध लीड्स, एफए कप अंतिम सामन्याची फेरलढत. चेल्सीच्या रॉन हॅरिसने सुरुवातीलाच एडी ग्रेच्या गुडघ्यामागे लाथ घातली आणि पहिल्या सामन्यात चेल्सीला हैराण केलेला हा विंगर तिथेच निकामी झाला. मॅक्रेडीची उंच लाथ पेनल्टी बॉक्समध्ये ब्रेमनरच्या डोक्यापर्यंत गेली, पेनल्टी नाही. एरिक जेनिंग्ज या रेफरीने अख्ख्या सामन्यात ताकीद म्हणून एकाच खेळाडूचं नाव वहीत घेतलं. डेव्हिड एलरे या नामवंत रेफरीने १९९७ मध्ये तोच सामना नव्या निकषांनी तपासला तर सहा लाल कार्डं निघाली. मायकेल ऑलिव्हरने २०२० मध्ये तपासला तर अकरा.

गेली ती शिक्षेविना लाथ मारायची मुभा. आणि ती गेली ती नाजूक प्रेक्षकांमुळे नव्हे, उत्तम खेळाडू गमावल्यामुळे. सप्टेंबर १९८३ मध्ये बिल्बाओच्या गोइकोएत्सेआने मागून येऊन मॅराडोनाचा घोटा मोडला आणि रेफरीने त्याला बाहेरही काढलं नाही. नेदरलँड्सचा आक्रमक मार्को व्हान बास्टन घोट्याच्या वारंवार दुखापती आणि शस्त्रक्रियांनंतर मे १९९३ मध्ये शेवटचा सामना खेळला तेव्हा २८ वर्षांचा होता. मागून येऊन समोरच्याला धोका पोचवणारा टॅकल म्हणजे लाल कार्डच, हे नियमात १९९८ ला लिहिलं गेलं.

‘आता हात लागला तरी लाल’ ही तक्रार तर आकड्यांपुढे टिकतच नाही. १९९० च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत १६ लाल कार्डं होती, २००६ मध्ये ६४ सामन्यांत २८. व्हीएआर आल्यावर २०१८ आणि २०२२ मध्ये तेवढ्याच ६४ सामन्यांत प्रत्येकी चार. आणि २०१० च्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या डी याँगने स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर स्टड रोवले, त्याला पिवळ्यावर सोडलं होतं.

‘आताचे खेळाडू काचेचे’

हा दावा सगळ्यात जास्त शेअर होतो आणि सगळ्यात कमी तपासला जातो.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या २००६–०७ ते २०१२–१३ या सात हंगामांच्या अभ्यासात एका सामन्यात खेळाडू कापत असलेलं एकूण अंतर जेमतेम २ टक्के वाढलेलं दिसलं. पण जोरदार धावेचं अंतर सुमारे ३० टक्के आणि पूर्ण वेगाच्या स्प्रिंटचं ३५ टक्के वाढलं. म्हणजे तेवढेच किलोमीटर, पण धावायची तऱ्हा वेगळी. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८० किलोचा माणूस सेकंदाला ७ मीटरने धावत असेल तर ती १,९६० ज्यूल; ८ मीटरने धावला तर २,५६०. वेगात एक मीटरचा फरक आणि ऊर्जा ३० टक्के जास्त. चिखलात घोटाभर रुतलेले दोन गडी एकमेकांवर आदळले तर फोटो जबरदस्त येतो, पण वेग कितीसा असणार?

युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींची नोंद युएफा ही युरोपची फुटबॉल संघटना २००१ पासून ठेवते. तिच्या पहिल्या १८ हंगामांत दुखापतींचा एकूण दर घटला. अस्थिबंधांच्या, म्हणजे घोटा-गुडघा मुरगळून होणाऱ्या दुखापतीही कमी झाल्या. वाढली ती हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीमागच्या स्नायूची दुखापत: २००१–०२ मध्ये सगळ्या दुखापतींत तिचा वाटा १२ टक्के होता, २०२१–२२ मध्ये २४. आणि हॅमस्ट्रिंग सहसा कोणाच्या लाथेने जात नाही. पूर्ण वेगात पाय पुढे फेकला जातो, टाच टेकायच्या अगदी आधीच्या क्षणी मांडीमागचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत पायाला ब्रेक लावत असतो, तेव्हा तो फाटतो. वेग आणि सामन्यांची गर्दी ही त्याची कारणं. त्याचा धीटपणाशी काय संबंध?

यावर उपाय आहे आणि त्याला महागडी जिम लागत नाही. नॉर्डिक व्यायाम: चटईवर गुडघे टेकून बसायचं, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं, तोल सुटला की हातांवर यायचं आणि हातांनी ढकलून परत वर. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, ५ चे दोन सेट. दुसऱ्यात दोन दिवस, ६ चे दोन. तिसऱ्यात तीन दिवस, ६ ते ८ चे तीन. चौथ्यात तीन दिवस, ८ ते १० चे तीन. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत तीन दिवस, १२, १० आणि ८ असे तीन सेट. नियमाने केलं तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात. बिघडतं ते दोन ठिकाणी. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी तीस-तीस केले की चार दिवस जिना उतरवत नाही आणि मग सगळा संघच ते सोडून देतो. दुसरं, कंबरेत वाकून झुकलं तर भार स्नायूवरून निघूनच जातो. कोल्हापुरात संघच तालमींच्या नावाने खेळतात, तिथे बैठकांचा अभिमान रास्त आहे. पण बैठकेचा मुख्य भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर पडतो, मागच्याला ताणलेल्या अवस्थेत लागणारी ताकद तिच्यातून फारशी मिळत नाही.

‘व्हीएआर आणि नाटकं’

नाटकं आहेत, आणि फार आहेत. फसवणुकीसाठी पडल्यास पिवळं कार्ड हा नियम १९९९ पासून आहे, पण तो क्वचित वापरला जातो. त्यामागचा व्यवहार साधा: पाय अडकूनही जो उभा राहतो त्याला बहुतेक वेळा फाउल मिळत नाही. पडण्याला बक्षीस रेफरी देतात, खेळाडू ते घेतात.

व्हीएआरने मात्र अंगाचा खेळ मारलेला नाही. मैदानाच्या मध्यावरचा साधा फाउल त्याच्या कक्षेतच येत नाही. तो गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड अशा मोजक्या प्रसंगांसाठी आहे. तिथेही तो चुकतो. १७ ऑक्टोबर २०२० ला एव्हर्टनचा गोलरक्षक पिकफर्ड लिव्हरपूलचा बचावपटू व्हान डाइक याच्या गुडघ्यावर झेपावला. व्हान डाइक आधीच ऑफसाइड (नियमाबाहेर पुढच्या जागी) निघाला आणि पिकफर्डचं लाल कार्ड राहून गेलं, वास्तविक खेळ ऑफसाइडने थांबला तरी धोकादायक टॅकलला लाल देता येतं. व्हान डाइकचा हंगाम तिथेच संपला.

‘कॉर्नर आणि थ्रो आले, आता जुना खेळही येतोय’

रेटारेटी परत आली आहे, हे खरं. आर्सेनलने २०२३–२४ मध्ये लीगमध्ये कॉर्नरवरून १६ गोल केले. ब्रेंटफर्डने २०२५ मध्ये आपला सेट पीसचा (कॉर्नर, फ्री किक, थ्रो अशा थांबलेल्या चेंडूवरच्या डावांचा) प्रशिक्षक कीथ अँड्र्यूज यालाच मुख्य प्रशिक्षक केलं, आणि २०२५–२६ च्या हंगामात लांब थ्रो जवळपास सगळीकडे दिसू लागले. स्टोक सिटी या क्लबमध्ये रॉरी डेलॅप थ्रो टाकायचा तेव्हा ज्यांनी नाकं मुरडली, तेच आता टॉवेलने चेंडू पुसताना दिसतात.

पण हे जुनं नव्हे. थ्रोचंच बघा. थ्रोवर ऑफसाइड लागत नाही, त्यामुळे आक्रमक थेट गोलरेषेवर, गोलरक्षकाच्या अंगाला अंग लावून उभे राहू शकतात. थ्रो सरळ गोलमध्ये गेला तर गोल नाही, गोल किक. म्हणून तो जवळच्या पोस्टपाशी उंच माणसाच्या डोक्यावर टाकतात, तिथून चेंडू मागे सरकतो आणि खरा डाव त्या मागे सरकलेल्या चेंडूवर असतो. बॉक्सच्या कडेला दोघे तेवढ्यासाठीच थांबतात. सपाट टाकला तर गोलरक्षकाला बाहेर यायला वेळ मिळत नाही. उंच टाकला की तो आरामात पकडतो. दोन्ही पाय जमिनीवर आणि चेंडू डोक्यामागून दोन्ही हातांनी, ही अट धावत येऊन टाकताना मोडते आणि थ्रो समोरच्याला जातो.

कॉर्नरवर तर धक्क्याची जागाही आखलेली असते. चेंडू आत वळणारा. एक माणूस गोलरक्षकासमोर, एक त्याच्या कडेला, आणि हेड मारणारा लांबच्या पोस्टकडून धावत येणार. आधीपासून उभं राहिलेल्याला ती जागा त्याची म्हणून मिळते. पण चेंडू निघाल्यावर तो एक पाऊल सरकून वाटेत आला तर तो अडथळा. स्पर्श न होता केला तर अप्रत्यक्ष फ्री किक, स्पर्श झाला तर थेट फ्री किक. बचाव करणाऱ्याने स्वतःच्या बॉक्समध्ये स्पर्श करून केला तर पेनल्टी. या एका पावलासाठी संघ आठवडाभर सराव करतात.

यात एक फट आहे आणि सगळे संघ तिचा फायदा घेतात: कॉर्नरची किक बसेपर्यंत चेंडू खेळात नसतो, आणि चेंडू खेळात नसताना केलेल्या ओढाताणीला फ्री किक किंवा पेनल्टी देता येत नाही. रेफरी थांबवून ताकीद देऊ शकतो, कार्ड दाखवू शकतो, बस. म्हणून जर्सी धरायची ती किक मारणाऱ्याने हात वर केल्यापासून, आणि सोडायची ती त्याचा पाय चेंडूला लागायच्या आत. तोवर समोरच्याची धाव अर्धा सेकंद उशिरा सुरू झालेली असते. रेफरींनी शिट्टी खिशात ठेवली तर ही धरपकड वाढेल, रॉन हॅरिसची लाथ परत येणार नाही. कारण अर्ध्या सेकंदावर कॉर्नरचा गोल मिळत असताना लाल कार्ड घेऊन दहा जणांवर यायचा सौदा आता कुठलाच प्रशिक्षक करत नाही.