एकाची शिल्लक दुसऱ्याला ऐकू गेली, ती चूक आमचीच

नमस्कार सर,

आपण एक स्टार देऊन लिहिलंत की आयव्हीआरचं (फोनवर आपोआप शिल्लक सांगणाऱ्या यंत्रणेचं) कार्ड बदलल्यापासून फोनवर टकटक येते, काही फोन उचलले जातात पण पुढे नुसती शांतता, आणि कहर म्हणजे एका सभासदाला दुसऱ्याच्या खात्याची शिल्लक ऐकू आली. तीन व्हिजिट, तिन्हींचे पैसे, आणि कारण काय तर ‘केबल लूज होती’. शिवाय जुना माल गळ्यात मारला, असंही म्हटलंत.

फोनवर बोललो आहे, पण तक्रार चारचौघांत झाली तर उत्तरही इथेच द्यायला हवं. पतसंस्थेतल्या खात्याचा आकडा परक्या कानात जाणं ही किरकोळ गोष्ट नाही. माझ्या आईचं खातं अशाच एका पतसंस्थेत आहे. तिच्या बाबतीत हे झालं असतं तर मीही असंच लिहिलं असतं.

नेमकं काय झालं ते सांगतो. आपली पीआरआय लाइन आहे, म्हणजे एकाच जोडणीवर अनेक फोन एकदम चालवणारी डिजिटल लाइन. तिच्यात ३२ टाइमस्लॉट, म्हणजे वेळेचे कप्पे, येतात. शून्याचा स्लॉट ताळमेळासाठी, १६वा सिग्नलसाठी (कुठल्या नंबरवरून फोन आला, कुणी ठेवला वगैरे), आणि उरलेले ३० आवाजाचे, म्हणजे एका वेळी ३० फोनच्या ३० लाइनी. कार्डात सिग्नलची वाट वेगळी आणि आवाजाची वेगळी. जुनं कार्ड आवाजाचे स्लॉट १ ते १५ आणि मग १७ ते ३१ असे मोजायचं. नवं कार्ड १६वा गाळून सलग १ ते ३० मोजतं. आमच्या टेक्निशियनने जोडणीची जुनी फाइल जशीच्या तशी उतरवली, आणि मी ती न तपासता पास केली.

जुन्या फाइलीतला ‘१७’ म्हणजे १६वी लाइन, पण नव्या कार्डाने तो १७वी लाइन धरला. त्यामुळे पहिल्या १५ लाइनी बिनचूक, आणि तिथून पुढचा प्रत्येक आवाज एक घर सरकलेला. १६व्या लाइनीवर फोन आला की सिग्नल बरोबर १६व्या पोर्टला (त्या लाइनीचा फोन उचलून उत्तर देणाऱ्या भागाला) पोचायचा. पोर्ट फोन उचलायचा, नंबरवरून सभासद ओळखायचा, शिल्लक वाचायला लागायचा, आणि तो आवाज निघायचा १७व्या लाइनीवर. १६व्यावरचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत बसायचा आणि त्याची शिल्लक शेजारच्या लाइनीवर जो असेल त्याच्या कानात. १६व्यावरच्याने फोन ठेवला की शेजाऱ्याच्या कानातलं बोलणंही अर्ध्यात बंद.

कॉलच्या नोंदीत मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं: फोन आला, उचलला, ठेवला. सिग्नल बरोबर होता ना! दुसऱ्या व्हिजिटला मी स्वतः आलो तो दुपारी तीनला. दहा वेळा फोन लावले, दहाही वेळा ठीक. एका वेळी चार-पाच फोन चालू असताना सोळाव्या लाइनीपर्यंत कुणी पोचतच नाही. आपल्याकडे गर्दी होते ती महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी. हे आपल्या काउंटरवरच्या ताईंनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते मनावर घेतलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तिसऱ्या वेळी पहिल्या १५ लाइनी मुद्दाम बंद ठेवल्या आणि दोन चाचणी खात्यांचे दोन मोबाइल एकदम लावले. एका कानाला काहीच नाही, दुसऱ्या कानाला पहिल्या मोबाइलच्या खात्यातले पैसे. पाच मिनिटांत चूक समोर आली.

टकटक हे वेगळं दुखणं होतं, ते पहिल्याच व्हिजिटला गेलं. दोन कार्डं रिबन केबलने (चपट्या पट्टीसारख्या तारेने) जोडलेली असली की दोघांनी एकाच घड्याळावर चालायला लागतं, आणि ते घड्याळ टेलिफोन लाइनीवरून घ्यावं लागतं. नवं कार्ड स्वतःच्या घड्याळावर चालत होतं. म्हणून मधूनच १२५ मायक्रोसेकंदांचा तुकडा गळायचा किंवा दुबार वाजायचा. केबल घट्टच होती. आमच्या टेक्निशियनने समजावून सांगायचं सोडून सोपं कारण दिलं. तसं पुन्हा होणार नाही.

एक गोष्ट मात्र मान्य नाही. कार्ड वापरलेलं आहे हे कोटेशनमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. आपलं सॉफ्टवेअर ज्या कार्डावर चालतं ते नवीन मिळत नाही, आणि सगळी यंत्रणा बदलायचा खर्च आपल्या संचालक मंडळाला यंदा नको होता. या दुखण्यात कार्डाचा दोष नाही. कोरं करकरीत कार्ड असतं तरी त्या फाइलने हेच झालं असतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या व्हिजिटचे पैसे आज परत पाठवले आहेत. तिसही लाइनी एकेक करून आवाजासकट तपासल्याचा तक्ता सहीनिशी आपल्या कचेरीत दिला आहे. त्या दिवसांत १६व्यापासून पुढच्या लाइनींवर कुठले फोन एकाच वेळी चालू होते, म्हणजे कुणाची माहिती कुणाला गेली असू शकते, ती यादी काढायचं काम चालू आहे. ती फक्त आपल्या हातात देईन. त्या सभासदांना आपण बोलावलंत तर समोर बसून माफी मागायला मी स्वतः येईन. शनिवारी सकाळी अकरानंतर कधीही सांगा.

आपला,
दुकानाचा मालक, नारायण पेठ, पुणे