पाटा की क्रॉस

गाडीचा आवाज ज्याला ऐकू येतो, त्यालाच तो सिद्ध करून दाखवावा लागतो. बाकी सगळे न्यायाधीश. आमच्या पिकअपच्या बाबतीत तर हा खटला उभा राहणंच मुश्कील, कारण आमचा धंदा भांडी भाड्याने देण्याचा. इंदूरच्या रामबागेतून लग्न, मुंज, भंडारा असेल तिकडे आमची पातेली, पराती, झारे आणि ताटांच्या थप्प्या जातात. मागे एवढं पितळ-स्टील नांदत असताना मधूनच आलेला एक 'ठक्क' वरच्या भांड्यांचा की खालच्या लोखंडाचा, हे कुणी सांगावं? मी सांगत होतो. कुणी ऐकत नव्हतं.

"अहो, झारे वाजतायत," बायको म्हणाली. तिचा कान तयार आहे. शेजारच्या घरातलं बंद दाराआडचं भांडण तिला शब्दन् शब्द कळतं. तिला ठक्क ऐकू येत नाही म्हणजे तो नाहीच, असा घरात निकाल लागला.

मग भांडी उतरवून गाडी काढली. त्याने आणखीच घोळ झाला. पिकअपचे मागचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, टनावारी माल पेलण्यासाठी बनवलेले; रिकाम्या गाडीत ते वाकायलाच तयार नसतात. गाडी खड्ड्यातून जात नाही, खड्ड्यावरून उडते, आणि फाळका, साखळ्या, खाली टांगलेली स्टेपनी सगळे एकदम बोलायला लागतात. म्हणजे भरल्या गाडीत आवाज लपतो आणि रिकाम्या गाडीत हरवतो. शेवटी वाळूच्या गोण्या टाकल्या, फाळक्याच्या कड्यांत चिंध्या कोंबल्या, स्टेपनी आवळली, सीटमागचा जॅक घरी काढून ठेवला. तेव्हा कुठे ठक्क एकटा उरला.

आवाज ऐकायला इंदूरसारखं शहर नाही. २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलंय. रस्त्यावर कागदाचा चिटोरा दिसणार नाही. पण गतिरोधक म्हणाल तर दर कॉलनीचा आपापला. कुठे बुटका, कुठे उंच, कुठे एकाला लागून एक अशी पट्ट्यांची रांग. बाबांना शेजारी बसवलं आणि भाच्याला मागे गोण्यांवर. बाबांनी उमेदीत मॅटाडोर चालवलेली. पहिल्याच गतिरोधकावर त्यांनी डोळे मिटून निकाल दिला, "पाटा."

"आजोबा, क्रॉस आहे," मागून भाचा ओरडला. तो जीएसआयटीएसला मेकॅनिकल करतो. हे कॉलेज १९५२ पासून उभं आहे, त्यामुळे आमच्याकडे त्याच्या बोलण्याला वजन आहे. फक्त बाबा १९५२ च्या आधीचे.

घरी आल्यावर भाच्याने रॉबर्ट हूक काढला. स्प्रिंगवर जेवढं वजन टाकाल त्या प्रमाणात ती वाकते, हा नियम या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये छापला. आणि गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलकडे फिरणं पोहोचवणारा जो प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या टोकाच्या जोडालाही हूकचंच नाव आहे. दोन काटे, मध्ये अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस, त्याच्या चार टोकांना सुईएवढ्या रोलरची बेअरिंगं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "म्हणजे पाटा असो की क्रॉस, करणारा एकच. त्यालाच बोलवा."

तो उपलब्ध नसल्याने आम्ही ट्रान्सपोर्ट नगरात गेलो. उस्ताद गाडीत बसला आणि अर्थातच आवाज बंद झाला. मी दोनदा मुद्दाम खड्ड्यात घातली. भाच्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. आजवर ज्याने त्याने मला आवाज कुठून येतो एवढंच विचारलं होतं, आणि लोखंडातून आवाज असा धावतो की उजवीकडचं डावीकडे ऐकू येतं. उस्तादने वेगळंच विचारलं. "भिया, कां से आ री हे ये छोड़ो. कब आ री हे, वो बताओ."

आणि मग ती उलटतपासणी! वळताना कटकट येते का? तसं पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत असेल, किंवा फोर बाय फोरमध्ये. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी घूं आहे का? मग चाकाचं बेअरिंग बघू, किंवा मागचं हौजिंग. ब्रेक मारल्यावर? गतिरोधकावर? की उभ्या गाडीत पहिला गिअर टाकून क्लच सोडताना, आणि रिव्हर्स घेताना? मी म्हटलं, शेवटचं. बाबा म्हणाले, गतिरोधकावर. उस्तादने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि आम्ही भाऊबंदकीचं प्रकरण घेऊन आलोय अशा थाटात चहा मागवला.

पुढचं चाक जॅकवर उचलून त्याने वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडे. बॉल जॉइंट ठीक, टाय रॉड ठीक. मग मागे गेला, चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रलला टाकला आणि गाडीखाली सरकून प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी पिळला. ठक्क! हातानेसुद्धा. क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस भुकटी जमली होती. ग्रीस संपून सुया गंजल्याची खूण. क्लच सोडला की जोर एकदम बसतो आणि ढिला काटा आधी क्रॉसवर आपटतो, मग गाडी चालते. भाचा मला मिठी मारायच्या बेतात होता, तेवढ्यात खालून उस्तादचा आवाज आला, "बाबूजी, टॉमी देना जरा." पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या कडीत, म्हणजे शॅकलमध्ये, टॉमी ही लोखंडी पहार घालून त्याने उचललं तर बुशचं रबर फाटून लोखंड लोखंडाला लागत होतं. दुसरा ठक्क.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चहाचे पैसे दिले. ते कधी देत नाहीत.

क्रॉस काढण्याआधी उस्तादने शाफ्टवर आणि तो ज्याला बोल्टने जुळतो त्या फ्लँजवर पांढऱ्या रंगाने खूण केली, म्हणजे परत बसवताना बॅलन्स फिरत नाही. शॅकलचे नट गाडी चाकांवर उतरवून मगच आवळले. उचललेल्या गाडीत आवळलं तर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलंच राहतं. पाट्याला अ‍ॅक्सल बांधणारे यू-बोल्ट माल भरून फिरल्यावर पुन्हा आवळायला या, म्हणाला. गाडी गप्प झाली.

आमच्या घरात मात्र वाद चालूच. बाबांचं म्हणणं, पाट्यानेच काम झालं, क्रॉस उगाच बदलला. भाचा बरोबर उलट म्हणतो. दोघांनी आपापला पुरावा, फाटकं बुश आणि गंजका क्रॉस, दिवाणखान्याच्या खिडकीत मांडून ठेवला. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं तशी बायकोने दोन्ही उचलले आणि थेट गाडीपाशी गेली. गाडीवरच्या पोराने क्रॉस हातात घेतला, बोटाला लागलेलं काळं ग्रीस बघितलं आणि विचारात पडला.

"भाभीजी, ये गीले में डालूँ के सूखे में?"

खिडकीतून बाबा म्हणाले, ओल्यात. भाचा म्हणाला, सुक्यात.