‘झाडपाल्याने अपाय कसा होईल?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचं म्हणणं असं की पोटशूळाने रडणाऱ्या तान्ह्यांना बडीशेप, ओवा पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला, बाळं शांत झाली, आणि मी उगाच आयांना घाबरवते आहे.

बडीशेपेला मी निकामी म्हटलेलं नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बडीशेपेच्या तेलाचं मिश्रण दिलेल्या ६५ टक्के बाळांचा पोटशूळ थांबला. ज्यांना तेल नसलेलं द्रव दिलं, त्यांच्यापैकी सुमारे २४ टक्क्यांचा. फरक मोठा आहे. पण हे २४ टक्के कशाने बरे झाले? हे रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोहोचतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेकांचं आपोआप ओसरतं. आई उपाय शोधते ती रडणं असह्य झाल्यावर, म्हणजे ओसरण्याच्या तोंडावर. तेव्हा दिलेलं काहीही गुणकारीच वाटतं. शिवाय चाचणीतलं तेल मोजून दिलेलं होतं. घरचा काढा आज पातळ, उद्या दाट.

‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ हे वाक्य मात्र मला अजिबात मान्य नाही. चक्रीफुलाचं बघा. चिनी चक्रीफूल मसाल्यात वापरतात. जपानी चक्रीफूल विषारी. वाळल्यावर नुसत्या डोळ्यांनी ती दोन वेगळी ओळखू येत नाहीत. चक्रीफुलाचा काढा पाजलेल्या बाळांना उलट्या आणि झटके आल्यावर २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला तो न देण्याचा इशारा द्यावा लागला. काढा देणाऱ्या त्या आयाही मायेनेच देत होत्या.

ग्राइप वॉटरचा दाखलाही तुम्ही दिलात. १८५१ मध्ये इंग्लंडात निघालेल्या त्या औषधात शेपूच्या बियांच्या तेलाबरोबर अल्कोहोलही असे, आणि ते कित्येक दशकं राहिलं. मग बाळ झोपायचं ते नक्की कशाने?

चाटणात मध घालायला सांगता, तेवढं कृपा करून कुणालाच सांगू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा, होऊ शकतो, आणि मध उकळूनही तो धोका जात नाही.

तुमच्या भाचीचं बाळ पाच आठवड्यांचं आहे, म्हणून हे आत्ताच लिहिते. हिरवी उलटी, शौचात रक्त, ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, दूध नाकारणं, मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर काढ्यात वेळ घालवू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. यातलं काही नसेल आणि वजन नीट वाढत असेल, तर पाजल्यावर बाळाला उभं धरून ढेकर काढा, खांद्यावर घेऊन फिरवा, आणि ते काम दोन तास तुम्ही करा. भाचीला झोपू द्या.